ऐकणे आणि मोजणे : गडचिरोलीच्या जंगलातला समाजशास्त्राचा जुना वाद

भामरागडकडच्या एखाद्या टोल्यात तान्हे मूल दगावले की बाहेरून पाहणाऱ्यासमोर दोन प्रकारचे प्रश्न उभे राहतात. अशी किती मुले दगावतात, कोणत्या वयात, कोणत्या महिन्यांत, कोणत्या आजाराने, हा पहिला प्रकार. या घराने त्या दुखण्याला काय नाव दिले, कोणाकडे धाव घेतली, दवाखाना का टाळला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर आकड्यांत मिळते आणि दुसऱ्याचे माणसांच्या बोलण्यात.

समाजशास्त्राच्या जन्मापासून चालत आलेला एक मोठा वाद या दोन प्रकारच्या प्रश्नांभोवती फिरतो. निसर्गाचा अभ्यास जसा निरीक्षणाने, मोजणीने आणि नियम शोधून होतो तसाच समाजाचाही व्हावा, असे मानणारी वाट म्हणजे प्रत्यक्षार्थवाद. माणूस दगडासारखा नसतो, तो आपल्या वागण्याला अर्थ देतो आणि तो अर्थ कळल्याखेरीज वागणे कळत नाही, असे मानणारी वाट म्हणजे अन्वयार्थवाद. महाविद्यालयीन पुस्तकांत या दोन वाटांचा फरक दोन रकान्यांच्या तक्त्यात येतो, विद्यार्थी तो पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मात्र या तक्त्यावर मुलांचे जगणे, बायांचे आरोग्य आणि जंगलावरचा हक्क अवलंबून राहिला आहे. म्हणून हा वाद इथल्या मातीत उभे राहून समजून घ्यायला हवा.

आकड्यांची वाट

प्रत्यक्षार्थवादाचा उद्गाता ओग्युस्त कॉम्त (१७९८–१८५७). फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या उलथापालथीत वाढलेल्या या विचारवंताला समाजाची पुनर्रचना शास्त्राच्या पायावर व्हावी असे मनापासून वाटत होते. १८३० ते १८४२ या काळात त्याने आपल्या तत्त्वज्ञानाचे सहा खंड प्रसिद्ध केले आणि त्यांतच नव्या शास्त्राला ‘सोशिऑलॉजी’ हे नाव दिले. धर्मगुरूचा शब्द किंवा तत्त्वज्ञाची कल्पना यांपेक्षा जे प्रत्यक्ष दिसते, तपासता येते आणि दुसऱ्यालाही पडताळून पाहता येते तेच ज्ञान, हा त्याचा आग्रह होता. राजाच्या आणि पुरोहिताच्या शब्दाला प्रमाण मानणाऱ्या जगात हा आग्रह मुक्तिदायक होता, हे आज विसरता कामा नये.

एमिल दुर्खीमने या आग्रहाला कार्यपद्धती दिली. सामाजिक तथ्यांकडे वस्तूंसारखे पाहा, असे त्याने १८९५ साली सांगितले आणि १८९७ मध्ये आत्महत्येवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहून ते करूनही दाखवले. आत्महत्येइतकी खासगी गोष्ट दुसरी नसेल. तरीही एकेका देशातले तिचे प्रमाण वर्षानुवर्षे फारसे बदलत नाही, कॅथलिकांपेक्षा प्रॉटेस्टंटांत आणि विवाहितांपेक्षा अविवाहितांत ते जास्त असते, हे त्याने युरोपातल्या सरकारी नोंदींवरून मांडले. एकेका माणसाच्या दुःखामागे समाजाची वीण उभी असते, हे दाखवण्याचे बळ त्याला आकड्यांनी दिले.

या पद्धतीवरचा आक्षेप विदर्भातल्या वाचकाला फार समजावून सांगावा लागणार नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ जॅक डग्लस यांनी १९६७ मध्ये दाखवले की आत्महत्येचा सरकारी आकडा निसर्गात सापडत नाही. कोणी पोलीस, कोणी डॉक्टर, कोणी नातेवाईक प्रत्येक मृत्यूवर काहीतरी निर्णय घेतो आणि त्या निर्णयांची बेरीज म्हणजे आकडा. आपल्याकडे शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या प्रकरणावर मदतीसाठी ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा बसतो. सातबाऱ्यावर नाव आहे का, कर्ज बँकेचे की सावकाराचे, याची छाननी होते. मक्त्याने शेती करणारा किंवा सासऱ्याच्या नावावरच्या जमिनीत आयुष्यभर राबलेली बाई त्या छाननीत शेतकरी ठरेलच असे नाही. आकडा खोटा नसतो. पण ‘शेतकरी कोणाला म्हणायचे’ हे आधी कोणीतरी ठरवलेले असते, आणि ते ठरवताना त्या घराचे म्हणणे क्वचितच ऐकलेले असते.

अर्थाची वाट

दुसऱ्या वाटेची पायाभरणी जर्मनीत झाली. निसर्गाचे स्पष्टीकरण द्यायचे असते आणि मानवी जीवन आतून समजून घ्यायचे असते, हा भेद विल्हेल्म डिल्थाय याने मांडला. माक्स वेबरने (१८६४–१९२०) त्यातून समाजशास्त्राची पद्धत घडवली. करणाऱ्याच्या मनात आपल्या कृतीचा जो अर्थ असतो, तो पकडणे हे समाजशास्त्राचे पहिले काम, असे त्याने सांगितले. मात्र वेबर आकड्यांचा शत्रू नव्हता, आणि पाठ्यपुस्तकी तक्त्यात नेमके हेच हरवते. एखादे स्पष्टीकरण अर्थाच्या पातळीवर पटले पाहिजे आणि तसे घडण्याची शक्यता अनुभवाने पडताळताही आली पाहिजे, अशा दोन कसोट्या त्याने लावल्या होत्या. त्याच्यानंतरच्या पिढ्यांनी या दोन कसोट्यांच्या दोन छावण्या केल्या.

अन्वयार्थवादी अभ्यासकाला लांबून आलेली प्रश्नावली पुरत नाही. तो गावात राहतो, भाषा शिकतो, सणाला आणि मातीला जातो, लोकांच्याच शब्दांत त्यांचे जग लिहून काढण्याचा प्रयत्न करतो. त्याच्यावरचा आक्षेपही रास्त आहे. चार घरांत ऐकलेले चारशे गावांना लागू पडते कशावरून? आणि अभ्यासकाने लावलेला अर्थ हा त्याच्या स्वतःच्या मनातला नाही कशावरून?

चांद्याची मोजदाद

आपल्या भागात मोजणी समाजशास्त्राच्या आधी राज्यकारभारातून आली. १८५४ साली चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, मुलूख इंग्रजांकडे गेला. चारच वर्षांनी, १८५८ च्या ऑक्टोबरात, बंड करणाऱ्या बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यानंतर महसुलासाठी गावे, शेते, जंगले, जाती-जमाती लिहून काढण्याचे काम जोरात सुरू झाले. मेजर लुसी स्मिथ यांचा १८६९ चा जमाबंदी अहवाल जुन्या चांदा जिल्ह्यावरचा आजही वाचावा असा दस्तऐवज आहे. पुढे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींचे चार खंड प्रसिद्ध केले. हे ग्रंथ मेहनतीचे आहेत, माहितीने ओतप्रोत आहेत. पण त्यांत माडिया, गोंड, कोलाम यांच्याविषयी दुसरे कोणीतरी बोलते आणि ती माणसे स्वतः जवळजवळ गप्प असतात.

रकाने माणसाला कसे बदलतात हे जनगणनेच्या धर्माच्या प्रश्नात स्वच्छ दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२१ पर्यंत जंगलातल्या लोकांपुढे ‘ॲनिमिस्ट’, म्हणजे जडातही जीव मानणारे, असा शिक्का होता. १९३१ मध्ये त्याच लोकांचा ‘आदिवासी धर्म’ झाला. स्वातंत्र्यानंतर तो वेगळा रकानाच गेला. या साऱ्या काळात एटापल्लीच्या जंगलातला माणूस आपल्या पेनांना, म्हणजे देवांना, तसाच पूजत होता. त्याच्या श्रद्धेत काही घडले नव्हते, कागदावर मात्र त्याचा धर्म पुन्हा पुन्हा बदलला. आज गोंडी धर्माच्या स्वतंत्र नोंदीची मागणी होते ती या इतिहासातून. आम्हाला काय म्हणून मोजायचे हे आम्हालाच सांगू द्या, असे म्हणणारी ही मागणी आकड्यांच्या विरोधात नाही.

इरावतीबाईंच्या दोन पद्धती

या दोन वाटा एकाच अभ्यासकात नांदू शकतात, याचे मराठीतले सर्वांत तेजस्वी उदाहरण म्हणजे इरावती कर्वे (१९०५–१९७०). मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली शिकून त्या १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या विचाराने झपाटलेले मानवशास्त्रज्ञ. कवट्यांच्या दोन बाजूंतल्या फरकाचा संबंध वंशाशी जोडता येतो का, हा बाईंच्या प्रबंधाचा विषय होता. त्यांनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा भेद सापडत नाही असा निष्कर्ष लिहिला. परक्या देशात, बलाढ्य मार्गदर्शकासमोर, त्याला न आवडणारे उत्तर एका तरुण मराठी बाईने मोजमापाच्या बळावर दिले. प्रामाणिक मोजणी सत्तेला नाही म्हणू शकते, हे प्रत्यक्षार्थवादाचे खरे मोल.

याच इरावतीबाई पुढे दिंडीबरोबर पंढरीच्या वाटेने चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख त्यांनी लिहिला. तिथे त्यांच्या हातात मोजपट्टी नव्हती. बरोबरच्या बायांची गाणी, थकवा, माया, आणि एकाच दिंडीत वेगवेगळ्या जातींच्या वेगळ्या बसणाऱ्या पंगती त्यांनी पाहिल्या, त्या पंगतींनी झालेले दुःखही लपवले नाही. नातेसंबंधांवरच्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथातही भाषांमधले नात्याचे शब्द आणि लग्नाचे नियम एकत्र येतात. कोणत्या प्रश्नाला कोणती पद्धत लागते, याची जाण हेच त्यांचे बळ होते.

गडचिरोलीतला प्रयोग

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. चारच वर्षांनी डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी इथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दोघेही अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले, म्हणजे मोजणीच्या शास्त्रात पक्के मुरलेले. त्यांचा सुरुवातीचा अभ्यास सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर होता. शास्त्र म्हणून तो नीट झाला, आजार इथे आहे हे सिद्धही झाले. पण लोकांच्या लेखी ती त्यांची निकडीची गरज नव्हती. अभ्यासाचा विषय लोकांना विचारून ठरवावा, हा धडा त्यातून घेतल्याचे डॉ. अभय बंग यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे.

त्यानंतर बाया बोलू लागल्या. अंगावरून जाणे, ओटीपोटातले दुखणे, पाळीचा त्रास, मूल न होण्याची टोचणी, हे सगळे राणीताईंपाशी येऊन सांगू लागल्या. त्या ऐकण्यातून वसा आणि अमिर्झा या दोन गावांतला अभ्यास आकाराला आला आणि १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रियांची तपासणी झाली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किमान एक रोग होता. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग निघाले. यापूर्वी तपासणी आणि उपचार मिळालेल्या फक्त ८ टक्के होत्या. स्त्रियांचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढ्यावर थांबलेल्या जगाच्या आरोग्यधोरणाला या आकड्यांनी हलवले.

याच अभ्यासातला आणखी एक आकडा समाजशास्त्राच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्रत्यक्ष तक्रार होती ५५ टक्के स्त्रियांची. ४५ टक्के स्त्रियांना काहीच तक्रार नव्हती. म्हणजे नुसते ऐकत बसले असते तर कित्येक बायांचा आजार हाती लागला नसता, कारण बाईच्या जातीला हे असायचेच, असे म्हणून त्रास सोसण्याची सवय झाली की तो तक्रारीत उतरत नाही. आणि आधी ऐकलेच नसते, तर त्या गावांतल्या बाया तपासणीच्या टेबलापर्यंत आल्याही नसत्या. ऐकण्याने मोजणीचे दार उघडले आणि मोजणीने जे बोलले गेले नव्हते ते समोर आणले. या बायांचे जग, त्यांचे शब्द, शरीराविषयीच्या त्यांच्या समजुती राणी बंग यांनी ‘कानोसा’ या पुस्तकात मांडल्या, आणि झाडांशी असलेले त्यांचे मैत्र ‘गोईण’मध्ये.

मुलांच्या न्यूमोनियाचे काम याहूनही बोलके आहे. या आजाराला इकडे ‘डब्बा’ म्हणतात. आया तो ओळखत होत्या, फक्त दवाखान्याच्या भाषेत नाही. डॉक्टरांच्या लेखी खूण होती मिनिटाला किती श्वास ही, आणि गावातल्या दायांना इतके आकडे मोजता येत नव्हते. त्यासाठी ‘सर्च’ने एक साधे यंत्र तयार केले. त्यात एका मिनिटाची वाळूची घडी आणि तारेवर ओवलेले मणी असत. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला की न्यूमोनिया समजायचा. काटेकोर मोजणीचेच हे साधन, पण त्याची घडण दायांची मोजण्याची रीत समजून घेतल्यावर झाली. गावातल्याच माणसांनी औषध दिले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ६१२ न्यूमोनियाग्रस्त मुलांवर असे उपचार झाले. त्यांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते १३.५ टक्के.

पुढची पायरी नवजात बाळांची. बाळंतिणीच्या खोलीत पहिल्या दिवसांत परका माणूस जाऊ शकत नाही. गावातलीच एखादी शिकलेली बाई मात्र जाऊ शकते. हे सामाजिक वास्तव ओळखून ‘आरोग्यदूत’ तयार झाल्या. ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली गेली आणि ४७ गावांशी तुलना केली गेली. तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांत हजार जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ होते, तुलनेच्या गावांत ५९.६. डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि २०११ पासून आशाताईंमार्फत ही पद्धत देशाच्या आरोग्यकार्यक्रमात उतरली. आरोग्यदूत बाळाच्या घरात जाऊ शकते, हे ज्ञान कोणत्याही तक्त्यातून आले नव्हते. पण ३९ विरुद्ध ४७ गावांचा तक्ता नसता तर दिल्लीने ते कधी मानले नसते.

धानोऱ्याच्या रस्त्यावर चातगावजवळ उभे राहिलेले ‘शोधग्राम’ही असेच ऐकण्यातून घडले. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, असे विचारल्यावर लोकांनी सांगितले की तिथले डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत असतात, आम्ही पांढरे कापड प्रेताला गुंडाळतो. नातेवाइकांना राहू देत नाहीत, घरापेक्षा सगळेच वेगळे. मग झोपड्यांच्या गावासारखा, सोबत्यांना राहता येईल असा दवाखाना झाला आणि त्याला देवी दंतेश्वरीचे नाव मिळाले.

या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या तेरा स्वयंसेवी संस्थांनी मिळून आपापल्या भागांतल्या बालमृत्यूंची स्वतः नोंद केली. ‘कोवळी पानगळ’ या नावाने आलेल्या त्या अहवालाने दाखवले की सरकारी वहीत न चढलेली मरणे फार मोठ्या संख्येने आहेत. इथे मोजणी हाच अन्यायाविरुद्धचा आवाज होता. जे बाळ नाव ठेवण्याआधीच गेले त्याचीही नोंद व्हावी, ही मागणी मला समाजशास्त्रातल्या सर्वांत मानवी मागण्यांपैकी एक वाटते.

मोह, गोटूल आणि वाघ

काही गोष्टी आकड्यात घातल्या की त्यांचे स्वरूपच बदलते. मोहाची दारू घ्या. दारूविरोधी लोकचळवळीतून १९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीने काय साधले याचा हिशेब लिटर, गुन्हे, खर्च आणि आजार यांत करता येतो, तो करायलाच हवा, कारण दारूच्या धंद्याने इथल्या बायांचे संसार फोडले. पण माडिया घरात जन्माला, लग्नाला, मरणाला देवापुढे आणि पूर्वजांपुढे मोहाचे चार थेंब सांडले जातात, त्याचा अर्थ बाटलीतल्या दारूचा नाही. दोन्हींना एकच ‘मद्यसेवन’ म्हणून मोजणारा सर्व्हे घराला वाचवणारी रीत आणि घर मोडणारा धंदा यांत भेद करू शकत नाही. तो भेद गावच्या बाया नेमका सांगतात.

गोटूलचेही तसेच झाले. तरुण मुलामुलींचे एकत्र जमणे पाहून बाहेरच्यांनी त्यावर आपल्या मनातले अर्थ चिकटवले. व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मध्ये बस्तरच्या मुरियांच्या घोटुलवर सविस्तर ग्रंथ लिहिला, तोवर बाहेर कुजबुजच फार होती. गावाच्या लेखी गोटूल म्हणजे बैठकीची जागा, पाहुण्यांचा उतारा, गाणी, कथा आणि शिस्त शिकण्याचे ठिकाण.

चंद्रपूरच्या वाघांचा प्रश्न आजचा आहे. ताडोबाच्या आणि ब्रह्मपुरीच्या जंगलांत वाघ मोजले जातात ते कॅमेऱ्यांत टिपलेल्या पट्ट्यांच्या नक्षीवरून. ही मोजणी नसती तर वाघ वाढले की घटले यावर नुसते भांडण उरले असते. पण लोक एवढी जोखीम घेऊन जंगलात का जातात, याचे उत्तर कॅमेरा देत नाही. मोहफूल रात्री-पहाटे गळते, उन्हे चढण्याआधी वाकून वेचावे लागते. तेंदूपत्त्याचा हंगाम थोड्या दिवसांचा असतो आणि वर्षाचा रोख पैसा त्यातूनच येतो. हे कळले की ‘जंगलात जाऊ नका’ हा फलक अपुरा का पडतो ते कळते, आणि उपाय शोधण्याची जागा सापडते.

आणि काही ठिकाणी दोन भाषा एकमेकींत उतरवताच येत नाहीत. एटापल्ली तालुक्यातला सुरजागड लोहखनिजाच्या टनांत मोजता येतो. तिथल्या माडियांसाठी तो ठाकूरदेवाचा डोंगर आहे, जिथे त्याची यात्रा भरते. डोंगराची किंमत आणि देवाचे ठाणे एकाच तराजूत घालता येत नाहीत. अशा वेळी समाजशास्त्राचे काम एवढेच, की एका बाजूचे ज्ञान ‘माहिती’ आणि दुसऱ्या बाजूचे ‘भावना’ अशी विभागणी होऊ द्यायची नाही.

म्हाताऱ्यांची साक्ष

दोन्ही बाजूंच्या ज्ञानाची ही समानता एका कायद्याने मान्य केली, हे फार कमी लोकांच्या लक्षात आले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे नियम १ जानेवारी २००८ ला लागू झाले. त्यांतला तेरावा नियम पुराव्यांविषयी आहे. नकाशे, जनगणना, शासकीय कागद, निस्तार हक्कांच्या (जंगल वापरण्याच्या गावाच्या परंपरागत हक्कांच्या) नोंदी हे तर त्यात आहेतच. शिवाय गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन, वंशावळ, जुनी घरे आणि बांध, कंदमुळे आणि वनोपज गोळा करण्याच्या जागा, मसणवटे आणि देवस्थाने हेही पुरावे आहेत. यांपैकी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यायचे. उपग्रहाचे चित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरावे, त्यांच्याऐवजी नव्हे, हेही केंद्राने २०१२ मध्ये स्पष्ट केले.

समाजशास्त्राच्या दृष्टीने हा नियम विलक्षण आहे. एका आजोबाची आठवण आणि आकाशातून काढलेले छायाचित्र, दोन्ही एका फाइलीत, एका टेबलावर. गडचिरोलीतल्या ग्रामसभांनी ही संधी ओळखली. लोक जंगलात फिरले, जुन्या सीमा, देवराया, पाण्याच्या जागा दाखवत गेले, तरुणांनी जीपीएसवर बिंदू घेतले आणि म्हाताऱ्यांनी त्या बिंदूंना नावे दिली. सामूहिक वनहक्कांच्या बाबतीत हा जिल्हा आज देशात आघाडीवर आहे, त्यामागे हे दुहेरी ज्ञान आहे.

मेंढ्याचा अभ्यास गट

धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे छोटे गाव या साऱ्याच्या पुढे एक पाऊल गेले. भोपालपट्टणम आणि इंचमपल्ली धरणांविरुद्धच्या १९८४ च्या सुमाराच्या लढ्यातून जागे झालेल्या या गावात मोहन हिराबाई हिरालाल हे कार्यकर्ते अभ्यासासाठी आले. देवाजी तोफा आणि गावकऱ्यांबरोबर त्यांनी जी पद्धत घडवली तिचा कणा दोन गोष्टींचा. निर्णय सर्वसहमतीने होतो, हात वर करून केलेल्या बहुमताने होत नाही. आणि निर्णयाच्या आधी अभ्यास होतो. त्यासाठी अभ्यास गट बसतो. तिथे बाहेरचा जाणकार येऊ शकतो, माहिती देऊ शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेचा.

गावाने जंगल अभ्यासले, बांबू मोजला, मधमाश्यांना न मारता मध कसा काढायचा हे शिकून घेतले, जुन्या निस्तार नोंदी वाचल्या. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातल्या अशा पहिल्या गावांपैकी ते एक. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतुकीच्या परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात ही वाटचाल मराठी वाचकांसाठी लिहून ठेवली आहे.

मेंढ्याचे वेगळेपण अभ्यासपद्धतीत आहे. कॉम्तपासून आजवर प्रत्यक्षार्थवादी असो की अन्वयार्थवादी, अभ्यासक बाहेरून येणार आणि गाव अभ्यासले जाणार, हे दोघांनीही गृहीत धरले होते. एकाने गावाला मोजले, दुसऱ्याने गावाचा अर्थ लावला, लेखणी दोघांच्याही हाती होती. मेंढ्यात ती गावाने घेतली. प्रश्न कोणता, तो कसा तपासायचा, उत्तराचे काय करायचे, हे गाव ठरवू लागले. मग बांबूची मोजणी आणि म्हाताऱ्याची आठवण यांत भांडण उरले नाही, कारण दोन्ही एकाच गावाच्या उपयोगी पडत होत्या.

आता पुढची मोजणी

येत्या काळात हा प्रश्न अधिक टोकदार होणार आहे. २०१८ पासून गडचिरोली हा ‘आकांक्षित’ जिल्हा म्हणून ४९ निर्देशकांवर मोजला जातो आहे. जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे आणि यावेळी जातीचीही नोंद व्हायची आहे. मोबाइलमधले ॲप, रोजची आकडेवारी, जिल्ह्यांची क्रमवारी यांचा वेग वाढतच जाणार. या मोजणीला विरोध करण्यात शहाणपण नाही, कारण जे गाव मोजले जात नाही त्याच्या वाट्याला रस्ता, शाळा आणि औषधही येत नाही.

पण इथल्या चार दशकांच्या अनुभवावर काही मागण्या हक्काने कराव्यात. प्रश्नावली छापण्याआधी ती गोंडी, माडिया, कोलामी बोलणाऱ्या माणसांसमोर वाचली जावी आणि त्यांच्या शब्दांतले रकाने तिच्यात यावेत. गोळा केलेले आकडे मुंबई-दिल्लीला जातात तसे ग्रामसभेतही वाचले जावेत, आणि ‘हे बरोबर आहे का’ असे तिथे विचारले जावे. २०११ साली सुरू झालेल्या गोंडवाना विद्यापीठात याच गावांतली मुले समाजशास्त्र शिकतात. त्यांना सांख्यिकी पक्की यावी आणि आपल्या आजीची मुलाखत घेणे हेही शास्त्र आहे, हे त्यांच्या शिक्षकांनी त्यांना ठामपणे सांगावे. ज्या मुलीला दोन्ही येते ती आपल्या तालुक्याविषयी जे लिहील, ते लुसी स्मिथला लिहिता आले नसते आणि कोणत्याही पाहुण्या अभ्यासकालाही येणार नाही.

ऐकल्याशिवाय केलेली मोजणी आंधळी असते आणि मोजणीशिवाय ऐकलेले गावाच्या वेशीबाहेर पोहोचत नाही. समाजशास्त्राला हे तत्त्व म्हणून मांडायला शंभराहून अधिक वर्षे लागली. गडचिरोलीच्या दाया, आरोग्यदूत आणि ग्रामसभांनी ते कामातून सिद्ध केले. आता जो कोणी वही किंवा टॅब घेऊन या जंगलात येईल, त्याने आधी त्यांच्याकडून शिकावे.